बारावा गडी

वरसाव्याच्या नाक्यावरील गाड्यांचा घोष आमच्या घरांत अहोरात्र ऐकूं येतो. परंतु पौषांतल्या एका सायंकाळीं जेवणाच्या पंक्तीला जी शांतता पसरली, तिच्यांत तो घोषहि बुडून गेला. माझा चौदा वर्षांचा पुतण्या शाळेच्या क्रिकेट-सामन्याहून परतला होता. सलग तिसऱ्या खेपेस तो बारावा गडी! दिवसभर इतरांना पाणी नेऊन द्यावयाचें आणि संध्याकाळीं न मळलेल्या पांढऱ्या कपड्यांनिशीं घरीं यावयाचें. सासूबाईंनीं त्याच्या पानांत भाताची मूद वाढली. ती तशीच राहिली.

"वहिनी, आतां तुम्हीच त्याला समजावा," भावोजी म्हणाले. "पहाटे पांचला उठून दादरपर्यंत धांवायचें, अभ्यास बुडवायचा, आणि पदरांत काय? पुरें झालें हें."

मी समजावावयास म्हणून गेलें खरी. पण त्याचें खाली घातलेलें तोंड पाहून मला दुसऱ्याच एका मुलाची आठवण झाली, आणि तीच गोष्ट मीं त्याला सांगितली.

१९८८ च्या फेब्रुवारींत आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा सामना चालला होता. शारदाश्रमाकडून सचिन तेंडुलकरनें नाबाद ३२६ आणि विनोद कांबळीनें नाबाद ३४९ धांवा केल्या. त्यांची ६६४ धांवांची भागी आज घरोघरीं पाठ आहे. पण त्यांच्यानंतर खेळावयाचें म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा कितीजणांना आठवतो? तो अमोल मुझुमदार. तोहि रमाकांत आचरेकरांचाच शिष्य. त्याची पाळी आलीच नाहीं.

पुढें पाळी आली तेव्हां त्यानें तिचें सोनें केलें. रणजीच्या पहिल्याच सामन्यांत हरियाणाविरुद्ध २६० धांवा! पुढच्या वीस वर्षांत अकरा हजारांहून अधिक धांवा आणि तीस शतकें त्याच्या नांवावर जमा झालीं. २००६-०७ सालीं मुंबईनें रणजी करंडक जिंकला तो त्याच्याच नेतृत्वाखालीं. परंतु भारताच्या संघांत द्रविड, गांगुली, लक्ष्मण ठाण मांडून बसले होते. तें दार कधींच उघडलें नाहीं.

अशा वेळीं कोणीहि कडवट झाला असता. मुझुमदारांनीं शिकविण्याचा मार्ग धरला. अमेरिकेंतील कित्येक विद्यापीठांत फुटबॉलच्या प्रशिक्षकास तेथील अध्यक्षांहूनहि मोठें वेतन मिळतें. आपल्याकडे मात्र प्रशिक्षक सीमारेषेबाहेरचाच माणूस. ऑक्टोबर २०२३ मध्यें ते भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकांत हा संघ लागोपाठ तीन सामने हरला, तेव्हां टीकेचा वर्षाव झाला. उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियानें ३३९ धांवांचें आव्हान ठेविलें. त्या दिवशीं त्यांनीं फळ्यावर मुलींसाठीं लिहिलें तें इतकेंच, कीं आपल्याला त्यांच्याहून एकच धांव अधिक करावयाची आहे. मुलींनीं ती केली. २ नोव्हेंबरला नवी मुंबईंत दक्षिण आफ्रिकेचा ५२ धांवांनीं पराभव झाला, त्या रात्रीं आमच्या सासूबाईसुद्धां मध्यरात्रीपर्यंत जाग्या होत्या.

पुतण्यानें सर्व ऐकून घेतलें आणि हळूच विचारलें, "पण मोठ्या काकू, ते स्वतः भारताकडून खेळलेच नाहींत ना?"

"नाहीं रे बाळा. नाहींच खेळले."

दाराशीं भावोजी केव्हां येऊन उभे राहिले होते, कळलें नाहीं. ते म्हणाले, "आणि वहिनी, जे पुढें प्रशिक्षकहि होत नाहींत, त्यांचें काय?"

मला उत्तर सुचेना. खोटा धीर देण्यासाठीं गोष्टी सांगूं नयेत, हें मला त्या क्षणीं पुरतें कळलें. वाट पाहणाऱ्याला फळ मिळतेंच असें नाहीं. मिळालें तर तें दुसऱ्याच झाडाला लागलेलें असूं शकतें. मला एवढेंच सांगतां आलें, कीं जो स्वतः पॅड बांधून ताटकळला, त्याला बाहेर बसलेल्या मुलीचा चेहरा वाचतां येत असेल. तें बसणें अगदींच वायां गेलें नसेल. मग मीं भावोजींना म्हटलें, "वार्षिक परीक्षेपर्यंत त्यालाच ठरवूं द्या. सोडायचें तर त्यानें सोडावें, आपण सोडवूं नये."

ते कांहीं न बोलतां आंत गेले.

दुसऱ्या दिवशीं पहाटे न्हाणीघरांतील पाण्याच्या आवाजानें मला जाग आली. बाहेर येऊन पाहतें तों अंगणांत अजून अंधार होता. पुतण्या बुटांच्या नाड्या बांधीत होता, आणि त्याची ती जड पिशवी खांद्यावर घेऊन भावोजी फाटकाशीं उभे होते.

"चल लवकर," ते म्हणाले, "मीरा रोडची बस चुकेल."