कागदावरचे नाव

मित्रांनो, तुम्ही आपले नाव उर्दूत लिहिता, मराठीत लिहिता आणि इंग्रजीतही लिहिता. इंग्रजीत ते सगळीकडे सारखेच लिहिलेले आहे का? तुमच्या वयात मी हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नाही. त्यामुळे पुढे माझी फार धावपळ झाली.

मी मालेगावचा. उर्दू शाळेत शिकलो, इंजिनिअर झालो आणि पुढच्या शिक्षणासाठी मला जर्मनीतील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. अब्बांनी सारे आयुष्य यंत्रमागावर काढलेले. त्यांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. मला वाटले, आता फक्त विमानात बसायचे!

पण परदेशी शिकायला जायचे, तर व्हिसा लागतो. व्हिसा म्हणजे त्या देशात येण्याची परवानगी. २०२२ च्या नोव्हेंबरपासून जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना आपली प्रमाणपत्रे आधी तपासून घ्यावी लागतात. शिवाय शिष्यवृत्ती नसेल, तर वर्षभराच्या खर्चाची रक्कम एका खास खात्यात ठेवतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. तिथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात. त्यासाठी अब्बांनी कर्ज काढले.

सगळे कागद घेऊन मी मुंबईला गेलो. कागद तपासणाऱ्या बाईंनी माझा पासपोर्ट आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवली. एकावर ‘मोहम्मद’ पूर्ण लिहिले होते, दुसरीवर त्याचे लघुरूप होते. ‘शेख’च्या स्पेलिंगमध्येही एका अक्षराचा फरक होता.

“ही दोन नावे एकाच माणसाची कशावरून?” त्यांनी विचारले.

“मॅडम, तो मीच की!” मी म्हणालो.

“तुम्ही म्हणता ते खरे असेल, पण कागद तसे म्हणत नाही.”

मी गप्प झालो. ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू होणार होते. उशीर झाला असता, तर प्रवेश गेला असता आणि कर्ज तेवढे उरले असते.

घरी आल्यावर अब्बा रागावले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, “बेटा, तुझा फॉर्म मी दुसऱ्याकडून भरून घेतला होता. मला इंग्रजी कुठे येत होते?” माझे डोळे भरून आले. चूक त्यांची नव्हती. शिकलेला मी होतो आणि इतक्या वर्षांत मी तो कागद नीट वाचलाच नव्हता!

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. कारकून साहेबांनी जुने जनरल रजिस्टर काढले आणि दाखला लिहून दिला. मग वकिलांकडून प्रतिज्ञापत्र करून घेतले. निघायच्या चार दिवस आधी व्हिसा हातात पडला.

जर्मनीतही कागद सुटले नाहीत. नव्या घरी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाची चिठ्ठी लागते. व्हिसाची मुदत संपण्याआधी राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. आता मी एका वहीत सगळ्या तारखा लिहून ठेवतो. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढतो आणि नाव अक्षर अक्षर तपासतो.

मित्रांनो, गावात आपल्याला सगळे ओळखतात. परक्या देशात आपली ओळख आधी कागद सांगतो. म्हणून आज घरी गेल्यावर आपले दाखले काढा आणि त्यांवरचे नाव वाचा. अब्बांना किंवा अम्मींना इंग्रजी येत नसेल, तर त्यांनाही वाचून दाखवा.