मानांकन आणि माणूस



जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी या शहरी स्त्रियांच्या बुद्धिबळ विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस ख्यातकीर्त ग्रँडमास्टर कोनेरू हंपी. दुसऱ्या बाजूस आपल्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख, वय अवघे १९, स्पर्धेतील मानांकन पंधरावे. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. २८ तारखेस जलद डाव मांडले गेले. त्यांतील पहिलाही बरोबरीत सुटला. दुसरा मात्र काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्याने जिंकला. त्याच विजयाने तिला ग्रँडमास्टर हा किताबही लाभला. आईच्या गळ्यात पडून ती पोर रडली.

बालाघाटच्या आमच्या चर्चच्या सभागृहात मुलांनी तो डाव पटावर मांडून पाहिला. सर्व मुले हर्षभरित झाली होती. मी मात्र एका रिकाम्या जागेकडे पाहत होतो. भरवेलीच्या मँगनीज खाणीतील एका कामगाराची मुलगी तेथे बसत असे. आदल्या वर्षी एका स्पर्धेस एकच मूल पाठवायचे होते. दोघांना खेळवून न पाहताच मी वर्गात पहिला येणारा मुलगा निवडला, आणि तिला म्हणालो, "बाळ, तुझा काही निभाव लागायचा नाही." तेव्हापासून ती आलीच नव्हती.

बुद्धिबळातील गुणांकन म्हणजे झालेल्या डावांचा हिशेब. दिव्या व हंपी यांच्यात सुमारे ८० गुणांचे अंतर होते. त्या हिशेबाप्रमाणे दहा डावांत सहा गुण वरचढ खेळाडूचे, पण चार दुसऱ्याचेही असतात. कोरडे गणितसुद्धा दुर्बळाच्या पदरी चार गुण टाकते. मी, धर्मगुरू असून, त्या मुलीला एकही दिला नव्हता! इशायाच्या घरी शमुवेल संदेष्टाही थोरल्या पुत्राच्या उंचीवर भुलला होता, आणि दावीद तेव्हा रानात मेंढरे राखीत होता. या कथेवर मी कितीदा तरी प्रवचन केले आहे.

दुसऱ्या दिवशी पट काखोटीस मारून मी भरवेलीस गेलो व तिची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. खाली मान घालून मोहरे मांडू लागली. तिने मला हरवले असते तर गोष्ट अधिक गोड झाली असती; परंतु डाव मीच जिंकला. लगेच पुन्हा मोहरे मांडीत ती म्हणाली, "फादर, आता पांढरे माझे."

त्या रविवारी मिस्सानंतर ती आपल्या जागी बसली होती.