फळ्यावरचा डोंगर

परवा नातवाला घेऊन चाकणचा संग्रामदुर्ग बघून आलो. हिंजवडीहून अंतर फार नाही, पण ट्रकांच्या गर्दीत दोन तास मोडले. गावात विचारत विचारत पोचलो. घरांच्या दाटीत पडका तट, बुरुजांचे अवशेष, उरलासुरला खंदक आणि आत दामोदर विष्णूचं देऊळ. बाकीचा किल्ला गावानं कधीच पोटात घेतलाय.

नातू म्हणाला, "आजोबा, डोंगर कुठंय?"

मी चपापलो. तीस वर्षं हा धडा शिकवला. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर मावळ्यांनिशी शायिस्ताखानाचा वेढा जवळजवळ दोन महिने कसा थोपवला, हे अगदी पोटतिडकीनं सांगायचो. 'भुईकोट' हा शब्दही सांगायचो. हात मात्र सवयीनं फळ्यावर आधी डोंगर काढायचा, मग त्यावर किल्ला! घरी नातवालाही तसंच चित्र काढून दिलं होतं.

इथं तर सगळं सपाट. ना कडा, ना खिंड. आधार काय तो खंदकाचा आणि तटाचा. तरीही खानाला भुयार खणून, सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला, तेव्हा कुठे किल्ला पडला. माझ्या डोंगरानं त्या माणसांचं निम्मं शौर्य झाकून टाकलं होतं.

तिथंच काडीनं मातीत तट काढला, भोवती खंदक. नातवाला पटलं.

माझे पहिले विद्यार्थी आता साठीला आलेत. कुणी हे वाचत असेल तर, बाळांनो, तेवढा डोंगर पुसून टाका.