अठरा-सेहेचाळीस आणि जेवणातली गोळी

माझ्या सासऱ्यांनी (घरात सगळे त्यांना अब्बाच म्हणतात) भोकरदनला 30 वर्षे खताचे दुकान चालवले. मृग जवळ आला की मका, कपाशी, सोयाबीनवाल्यांची रीघ लागायची. कुणी "अठरा-सेहेचाळीस द्या" म्हटले की डीएपीची 50 किलोची गोणी पुढे यायची. त्यात 18 टक्के नत्र, 46 टक्के स्फुरद. डॉक्टर ज्याला फॉस्फरस म्हणतात, तोच हा शेतकऱ्याचा स्फुरद. अब्बा प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत, खत वरून फेकू नका, पेरताना बियाण्याखाली पडू द्या. आपल्या काळ्या जमिनीत चुना फार. चुन्याने स्फुरदाला एकदा धरले की पिकाच्या मुळाला ते सहजी मिळत नाही.

दोन वर्षांपूर्वी अब्बांच्या किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा जालन्याला डायलिसिस. मशीनवर चार तास, पण जाण्या-येण्यात सगळा दिवस जातो. पुढे अंगाला खाज सुरू झाली. रात्र रात्र झोप नाही. रक्त तपासले तर फॉस्फरस 7.2. तो साधारण 2.5 ते 4.5 असावा लागतो. अब्बा म्हणाले, "जन्मभर विकला, आता अंगातच साठला."

स्फुरद वाईट नाही. आपल्या अंगातला जवळजवळ 85 टक्के स्फुरद हाडांत आणि दातांत असतो. उरलेला पेशीपेशीत. पेशी ज्यावर चालते त्या एटीपी नावाच्या पदार्थात फॉस्फेटचे तीन मणी एकापुढे एक असतात. शेवटचा मणी तुटला की ताकद मोकळी होते, तेव्हा हात हलतो, हृदय धडधडते. हे शोधणाऱ्यांत आपल्या देशातले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. 1925 मध्ये त्यांनी अमेरिकेत सायरस फिस्के यांच्यासोबत रक्तातला फॉस्फरस मोजायची रीत बसवली. फॉस्फरस जास्त तितका निळा रंग गडद. 1929 मध्ये याच जोडीने स्नायूंत एटीपी शोधले, आणि त्याच वर्षी जर्मनीत लोमान यांनीही. शाळेच्या पुस्तकात सुब्बारावांचे नाव मला तरी कधी भेटले नाही.

जास्तीचा फॉस्फरस रोज लघवीवाटे बाहेर टाकणे हे किडनीचे काम. ती थकली की तो रक्तात साचतो. मग हाडांतला चुना निघू लागतो आणि रक्तवाहिन्यांत जाऊन बसतो. हाडे ठिसूळ, नसा कडक. खाज त्रास देते, पण खरी भीती हृदयाची असते. मशीनलाही हे सगळे उपसता येत नाही. आठवड्याच्या 168 तासांतले 12 तास ते चालणार, आणि पेशींत दडलेला स्फुरद रक्तात हळूहळूच येतो.

म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियम अ‍ॅसिटेटच्या गोळ्या दिल्या, जेवताना घ्यायच्या. अब्बा मात्र दिवसाच्या सगळ्या गोळ्या इशाच्या नमाजनंतर एकदम घेत. रिपोर्ट खाली येईना. एके दिवशी मी म्हटले, "अब्बा, तुम्ही गिऱ्हाइकांना चुन्याचं सांगायचात ना? ही गोळी म्हणजे तोच चुना. पोटात अन्न असतानाच ती स्फुरदाला धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. अन्न पुढे गेल्यावर धरणार कुणाला?"

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बियाण्याखालीच पडली पाहिजे." त्या दिवसापासून दस्तरखानावर मिठाशेजारी गोळ्यांची डबी असते. न जेवल्यास ती गोळी नाही.

पूर्वी यासाठी अ‍ॅल्युमिनियमची औषधे देत. ते मेंदूत आणि हाडांत साठते असे कळल्यावर ती मागे पडली. ज्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढते त्यांना सेव्हेलॅमर देतात. त्यात चुना नसतो, मात्र ते महाग पडते. कुणाला काय द्यायचे ते डॉक्टरच ठरवतील. शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेलच असे नाही.

स्वयंपाक माझ्याकडे असल्यामुळे बहिणींना एवढे सांगते. डाळीतला स्फुरद निम्म्याच्या आसपासच अंगी लागतो, म्हणून डाळीला फार घाबरू नका. डायलिसिसवाल्याला प्रथिने लागतातच. कारखान्यात घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा रक्तात उतरतो. काळ्या कोल्ड्रिंकच्या बाटलीवर 338 हा आकडा पाहा, ते फॉस्फोरिक अ‍ॅसिड. चीजच्या डब्यावर, फ्रोजन कबाब आणि नगेट्सच्या पाकिटावर 450, 451, 452 दिसले तर ते परत ठेवा. आमची मुले आता दुकानात आधी आकडेच वाचतात. मटणाचे तुकडे लहान करून उकळायचे आणि ते पाणी टाकून द्यायचे, कारण बराच स्फुरद पाण्यात उतरतो. म्हणजे शोरबाच गेला, आणि अब्बांचा जीव शोरब्यात.

रमजानमध्ये डॉक्टर आणि मौलाना दोघांनीही रोजे ठेवू नका असे सांगितले. फिदिया दिला. तरी इफ्तारला अब्बा सगळ्यांसोबत बसतात. खजूर एकच, कारण त्यात पोटॅशियम असते. तो वेगळाच विषय आहे. पहिल्या दोन घासांनंतर गोळी.

शेवटचा रिपोर्ट 5.6 आला. खाज पुष्कळ कमी झाली, रात्री झोप लागते. पुढची तपासणी बकरी ईदनंतर आहे, आणि घरात शोरब्याचा विषय आत्तापासूनच निघू लागला आहे.