कर्ण्याचा हिशेब

ग्रामोफोनचा पितळी कर्णा आता शोभेची वस्तू झाला असला, तरी त्यामागील तत्त्व जुने झालेले नाही. ध्वनिवर्धकाचा कागदी पडदा हवेला ढकलतो. पण मोकळी हवा त्याला पुरेसा भार देत नाही आणि विजेची बहुतांश शक्ती उष्णतेत वाया जाते. कर्णा पडद्याची हवेशी सांगड घालतो. थोड्या शक्तीत भरपूर आवाज, असा हा काटकसरीचा मार्ग.

घरी कर्णा घडवू पाहणाऱ्या हौशी गृहस्थाला त्याचा आकार चक्रवाढ व्याजाप्रमाणे वाढवावा लागतो. ठरावीक अंतरागणिक आतील क्षेत्रफळ दुप्पट व्हायचे. ३०० हर्ट्झच्या मर्यादेसाठी हे अंतर सुमारे ६.३ सेंटिमीटर येते. पाच इंची मिडरेंज ड्रायव्हरपुढे ४० चौरस सेंटिमीटरचा गळा ठेवला, तर ८०, १६०, ३२०, ६४० करीत पाचव्या दुपटीला १२८०. म्हणजे जेमतेम ३२ सेंटिमीटर लांबी आणि प्रत्येक बाजू ३६ सेंटिमीटरची, असे चौकोनी तोंड. व्यापारी घरातील मुलाला हे कोष्टक समजावून सांगावे लागणार नाही.

मोह पुढे होतो. मर्यादा १०० हर्ट्झपर्यंत उतरवायची, तर लांबी दीड मीटर आणि तोंडाचा व्यास १.१ मीटर, दिवाणखान्यातील एक कपाट गेलेच! लांबी आणि तोंड मध्येच छाटले, तर लहरी तोंडाशी अडून मागे फिरतात आणि गाणारा नाकातून गातो आहे असे वाटते. अमेरिकेतील होप या गावी १९४६ मध्ये कंपनी काढणाऱ्या पॉल क्लिप्श यांनी खोलीच्या कोपऱ्यालाच खर्जाच्या कर्ण्याचा भाग केले. मध्यस्वरांसाठी मात्र त्यांनाही वेगळा कर्णा ठेवावा लागला.

म्हणून खर्ज दुसऱ्या पेटीकडे सोपवणेच शहाणपणाचे. तेव्हा खरी कसोटी सांध्याची. पुरुषगायकाचा मूळ स्वर पेटीतून आणि त्याची झळाळी कर्ण्यातून येते. कर्ण्याचा आवाज मोठा, म्हणून रोधक लावून तो उतरवायचा. शिवाय कर्ण्याचा ड्रायव्हर ३२ सेंटिमीटर मागे असतो. ५०० हर्ट्झची लहर सुमारे ६९ सेंटिमीटरची. म्हणजे जवळपास अर्ध्या लहरीचा फरक पडून दोन्ही आवाज एकमेकांना खोडतात आणि गळ्यातला भरदारपणाच नाहीसा होतो. अशा वेळी महागडी तार घेण्यापेक्षा खर्जाची पेटी हातभर मागे सरकवावी आणि ओळखीच्या आवाजातील एखादे गाणे लावून ती बोटबोट पुढे-मागे करीत ऐकावे.