आमची 'जैन' मांजर



दशलक्षणातल्या एकाशनाला चालणारे पदार्थ या वेळी लिहीन असं मी कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी नक्की. आज ठकीबद्दल लिहिते. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी तिला आमच्याकडे पाहिलं आहे. मंदिरात दोघीतिघींनी विचारलंही, "काकू, मांजर दिसत नाही हल्ली?" मी सगळ्यांना "गेली" एवढंच सांगितलं आणि विषय बदलला. कशी गेली ते सांगायची लाज वाटत होती. लाज अजूनही वाटते, पण तुमच्यात मांजर पाळणाऱ्या आहेत, म्हणून लिहायलाच हवं.

ठकी आली २०१९ च्या महापुरात. ऑगस्टमधले ते दिवस सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या इमारतीचं पार्किंग पूर्ण पाण्यात, वीज नाही, नळाला पाणी नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर अडकलेलो. एका रात्री जिन्यात बारीक आवाज आला. यांनी बॅटरी लावून पाहिलं तर तळहाताएवढं पिल्लू, चिखलाने माखलेलं, थरथर कापतंय. घरात दुधाची पावडर होती, ती कालवून कापसाच्या बोळ्याने पाजली. हे म्हणाले, "पाणी ओसरलं की खाली सोडू." पाणी ओसरलं, चिखल निघाला, रस्ते धुऊन झाले, आणि ठकी आमच्या पलंगावर झोपायला लागली.

माझ्या लहानपणी घरात लाकडाची ठकी होती, तशीच ही गोल डोळ्यांची, म्हणून ते नाव.

मी बी. कॉम. झालेली आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. नोकरी केली नाही, पण चाळीस वर्षं घरखर्चाची वही चालवली आहे. त्या वहीत २०१९ पासून एक नवं खातं उघडलं: 'ठकी'. रोज अर्धा लिटर दूध जास्त. कधी दही, कधी पनीर, सणाला तुपाची धार. दुपारी दहीभात, संध्याकाळी दुधात कुस्करलेली चपाती. तीही सूर्यास्ताच्या आत! दिवेलागणीनंतर तिची वाटी धुऊन पालथी घालायची असा माझा नेम होता. सकाळी मी जपाला बसले की ती चटईच्या कडेला येऊन बसायची, माळेला कधी पंजा लावला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी मोठ्या अभिमानाने सांगायचे, "आमची मांजर जैन आहे हो. मासळीचा वास कसला असतो तेही तिला माहीत नाही." लोक कौतुक करायचे. खरं सांगते, ते कौतुक मला फार आवडायचं.

मासळी माहीत नव्हती, पण पाल माहीत होती. ट्यूबलाइटखाली पाल आली की ठकीचा जबडा आपोआप कटकट वाजायचा. एकदा तिने पाल पकडली. मी तिच्या तोंडातून ती सोडवली, पाल पळाली, आणि ठकीला मी चांगली दटावली. त्यानंतर संध्याकाळी खिडक्यांच्या जाळ्या लावून घ्यायला लागले, म्हणजे पाखरंही आत यायला नकोत. तेव्हा मला वाटलं, एक जीव वाचवला.

आमच्या स्वाध्यायात 'कार्तिकेयानुप्रेक्षा' चालू होती तेव्हाची गोष्ट तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. अनर्थदंडाच्या प्रकरणात मांजरासारखे हिंसक प्राणी पाळण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. शस्त्रं विकण्याच्या रांगेतच ते बसवलं आहे. ते वाचलं आणि सगळ्याजणी माझ्याकडे बघून हसल्या. मी लगेच म्हटलं, "ते दुसऱ्यांच्या मांजरांसाठी! माझी ठकी दूधभातवाली." पुन्हा हशा. मीही हसले.

आता पिशवीची गोष्ट. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मुलगा आणि सूनबाई पुण्याहून आले. सूनबाईने ठकीसाठी खाण्याची तीन किलोची पिशवी आणली होती. म्हणाली, "आई, मांजरांना नुसतं दूध-चपाती पुरत नाही. हे थोडं थोडं मिसळून देत जा." पिशवीवर माशाचं चित्र होतं. मी ती हातातही घेतली नाही, गॅलरीत ठेवायला सांगितली. ते दोघं पुण्याला परत निघाले त्या दिवशी सकाळीच मी ती खाली वॉचमनला देऊन टाकली. त्यांच्या गावाकडे मांजरं होती. सूनबाईला काही बोलले नाही. पुढे फोनवर तिने विचारलं, "खाते का ती?" मी म्हटलं, "हो, खाते की." आपण सत्य अणुव्रतावर तासतासभर बोलतो आणि एवढ्याशा पिशवीसाठी खोटं बोलतो.

ती गेली त्याच्या आधी दोन-तीन महिने काही गोष्टी दिसत होत्या, पण मी त्या बघितल्या नाहीत असंच म्हणावं लागेल. फ्रिजवर उडी मारणारी मांजर खुर्चीवर चढायलाही दोनदा विचार करायची. संधिप्रकाशात टेबलाच्या पायाला धडकायची. झोपेत पोट भराभर खालीवर व्हायचं. मे महिना होता, म्हटलं उन्हाळा आहे. माझ्याच वहीत एका पानावर कडेला लिहिलेलं सापडलं, 'ठकी दमते, ताक द्यावे.'

श्रावणातली पहाट. मी जपाला बसले होते. आतल्या खोलीतून असा आवाज आला की हातातली माळ खाली पडली. मांजर असं ओरडू शकतं हे मला माहीत नव्हतं. धावत गेले तर ठकी पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत होती, मागचे दोन्ही पाय लाकडासारखे मागून फरपटत येत होते. वाटलं, पडली असेल, हाड मोडलं असेल. पाय हातात घेतले तर गार. पंज्याच्या गुलाबी गाद्या निळसर पडलेल्या.

डॉक्टर मुलगी तरुण आहे, फोन केल्यावर वेळेआधी दवाखाना उघडला बिचारीने. तिने मांडीच्या आत बोटं ठेवून नाडी पाहिली, दोन्हीकडे लागेना. एक्स-रे काढला. मग आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं. ठकीचं हृदय मोठं झालेलं होतं, फुप्फुसात पाणी साठलं होतं. अशा कमजोर हृदयात रक्त साकळून गुठळी होते, ती सुटून मोठ्या रक्तवाहिनीतून खाली येते आणि जिथे त्या वाहिनीच्या दोन पायांसाठी दोन शाखा होतात तिथे अडकते. पायांचा रक्तपुरवठाच बंद. वेदना फार असतात. मग तिने विचारलं, "काकू, हिला खायला काय देता?"

हा प्रश्न मला शेकडो लोकांनी विचारला असेल. उत्तर तोंडपाठ होतं. पण त्या दिवशी ते बाहेर पडताना आवाज बारीक झाला. "आम्ही जैन आहोत. दूध, दहीभात, चपाती."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने सांगितलं ते तुमच्यासाठी मांडते. टॉरिन नावाचं एक द्रव्य असतं. माणसाचं शरीर ते बरंचसं स्वतः बनवतं, मांजराला मात्र पुरेसं बनवता येत नाही. ते मांस-मासळीत असतं, धान्यात आणि भाजीत नसतं, दुधात असतं ते नावापुरतं. ते कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून सैल पडतं आणि डोळ्यांचा पडदाही खराब होतो. हृदयाचा हा संबंध १९८७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिला, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यात टॉरिनचं प्रमाण वाढवण्यात आलं. 'अ' जीवनसत्त्वाचंही तसंच. आपण भाजीतून ते मिळवतो, मांजराला भाजीतून तयार करता येत नाही. आणि दूध, ज्याच्यावर माझा एवढा भरवसा, ते तर बऱ्याच मोठ्या मांजरांना नीट पचतही नाही.

मी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?" ती म्हणाली, "तसं ठामपणे सांगता येणार नाही काकू. काही मांजरांमध्ये हृदयाचा आजार जन्मतःच असतो, उत्तम खाणाऱ्यांनाही असं होतं. पण हा आहार तिच्यासाठी पुरेसा नव्हता, एवढं खरं." तिने हे खरं सांगितलं की माझं मन राखलं, ते मला अजून कळलेलं नाही. अंधारात टेबलाला धडकणारी ठकी मात्र त्याच क्षणी डोळ्यांपुढे आली.

मग तिने दुसरी गोष्ट विचारली. पाय परत येण्याची आशा फार कमी, हृदय असं, तर इंजेक्शन देऊन शांत झोपवायचं का? हे माझ्याकडे बघत राहिले. मी नाही म्हटलं. आपल्या हाताने जीव घ्यायचा नाही, हे आईच्या दुधाबरोबर आलेलं. वेदना कमी करायचं औषध द्या, प्राणवायू द्या, गुठळीवरचं औषध द्या, पण ते नको. तिने सगळं दिलं. दुपारपर्यंत ओरडणं थांबलं. संध्याकाळी आम्ही तिला घरी आणलं, वेदनेच्या औषधाचे पुढचे डोस बरोबर घेऊन.

रात्री दोनच्या सुमाराला औषधाचा जोर उतरला. पुढचा डोस देऊनही तासभर ती तळमळली. त्या तासात मी तीनदा फोन हातात घेतला, डॉक्टरला बोलवून ते इंजेक्शन द्यायला सांगावं म्हणून, आणि तीनदा ठेवला. बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाम वाटत असेल तर मला त्या ठामपणाचा हेवा वाटतो.

पहाटे ती शांत झाली. जीवंधरकुमाराने मरणाऱ्या कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकवला आणि तो यक्ष झाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मी ठकीच्या कानाशी तोंड नेलं. सुरुवात केली, पण पहिल्या दोन वेळा आवाजच फुटेना. जिने तिला तिच्या देहाला लागणारं अन्न दिलं नाही, तिनेच आता तिच्या पुढच्या गतीची काळजी करावी? तरी म्हटला. नऊ वेळा म्हटला. तिचा कान एकदा हलला. साडेपाचला, रोजच्या जपाच्या वेळेला, ती गेली.

दिरांच्या मळ्यात बांधाच्या कडेला खड्डा काढला. मीठ घालून पुरलं. हे चिखल तुडवत पुढे चालले होते, त्यांनी तिला आपल्या जुन्या उपरण्यात गुंडाळलं होतं. एवढं मऊ मन यांचं आहे हे चाळीस वर्षांत मला फार वेळा दिसलं नव्हतं.

चातुर्मासाला आलेल्या माताजींकडे मी हे सगळं बोलले. वाटलं होतं, 'करुणेनेच केलंस ना, मग दोष नाही' असं म्हणतील. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पुरातून वाचवलीस ती करुणा. पुढे तिला जैन म्हणवून घेत होतीस, ते कशासाठी?" एवढंच. प्रायश्चित्त म्हणून काही उपवास सांगितले, ते केले.

मांजर ठेवणाऱ्या तुम्हा दोघी-तिघींसाठी, माझं ऐका, उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवा. घरात मांस आणायचं नाही हे तुमचं-माझं सारखंच आहे. टॉरिन आता कारखान्यात रासायनिक पद्धतीनेही तयार होतं, पण नुसतं तेवढं दुधात टाकून भागत नाही, बाकीचंही बरंच लागतं, तेव्हा घरच्या घरी प्रयोग करू नका. ते खाणं घरात ठेवणं मनाला पटत नसेल, तर दुसऱ्या चांगल्या घरी ती द्या. मी आता मांजर पाळणार नाही. त्या गाथेचा अर्थ मला नीट लागला आहे असं नाही, पण तिच्यावर हसणार मात्र नाही.

क्षमावणीला आपण चौऱ्याऐंशी लक्ष योनींची क्षमा मागतो. यंदा मंदिरातून आल्यावर मी आधी सूनबाईला फोन लावला. पिशवीचं सगळं सांगितलं. खाते म्हणून खोटं बोलले तेही.

ती म्हणाली, "मला माहीत होतं आई. निघताना वॉचमनच्या खोलीत दिसली होती पिशवी."

"मग तू बोलली का नाहीस गं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. बोलायला हवं होतं."

मग कितीतरी वेळ आम्ही दोघी फोन तसाच कानाला धरून बसलो होतो.