शव्वालच्या अखेरच्या रात्री देवलापारला

नवतप्यात नागपूरकर रात्री घराबाहेर पडत नाहीत. कूलरमध्ये पाणी भरायचे आणि पडून राहायचे, एवढाच कार्यक्रम असतो. आम्ही मात्र 30 मे 2022 रोजी असरची नमाज पढून चटया, पाण्याचा कॅन, आंब्यांची टोपली आणि अम्मींना घेऊन गाडीत बसलो. जायचे होते देवलापारला, अम्मींच्या भाच्याच्या शेतावर, उल्का पाहायला.

निमित्त होते एका मोडलेल्या धूमकेतूचे. हॅम्बर्गच्या वेधशाळेत श्वासमान आणि वाखमान या दोघांनी तो 1930 साली शोधला. साधारण साडेपाच वर्षांत तो सूर्याभोवती एक फेरी मारतो. 1995 च्या फेरीत तो फुटला आणि 2006 मध्ये परतला तेव्हा त्याचे साठाहून अधिक तुकडे मोजले गेले. त्या फुटीतून उडालेली धूळ 31 मे 2022 ला पृथ्वीच्या वाटेवर येईल, असा शास्त्रज्ञांचा हिशोब होता. धूळ पुरेशा वेगाने उडाली असेल तर मोठा वर्षाव, नाहीतर काहीच नाही. बिएला नावाचा धूमकेतू असाच दुभंगून नाहीसा झाला होता आणि 27 नोव्हेंबर 1872 च्या रात्री त्याच्या वाटेवरून हजारो उल्का पडल्या. त्यामुळे सगळ्यांनाच आशा होती.

घरी आशेपेक्षा भीती जास्त होती. त्याला दोन महिन्यांपूर्वीची एक रात्र कारण होती. 2 एप्रिलला गुढीपाडवा होता आणि त्याच संध्याकाळी रमजानचा चांद दिसला. गच्चीवर एकमेकांना मुबारकबाद देऊन लोक पहिल्या तरावीहच्या तयारीला लागले असतील-नसतील, तोच पावणेआठच्या सुमारास जळत्या ठिणग्यांची एक रांगच्या रांग आकाशातून सरकत गेली. दुसऱ्या दिवसापर्यंत मोबाईलवर कयामतच्या निशाण्या फिरू लागल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची भलीमोठी कडी पडलेली सापडली, आसपास गोळेही मिळाले. तो चीनच्या ‘चांग झेंग 3बी’ रॉकेटचा भाग असल्याचे खगोलतज्ज्ञांनी सांगितले. खुलासा झाला, पण खुलासे कोण पुढे पाठवतो? आमची मुलगी आठवडाभर गच्चीवर गेली नाही.

आणि मग अम्मी बोलल्या. वर्षभर मनात ठेवलेली गोष्ट त्यांनी मुलीला सांगितली. 2021 च्या रमजानात अब्बा कोरोनाने इस्पितळात होते. नववा-दहावा रोजा असेल. सहरीच्या आधी अम्मी गच्चीवर गेल्या, तेव्हा एक तारा तुटताना दिसला. तिसऱ्या दिवशी अब्बा गेले. तारा तुटला तो इशारा होता आणि आपण सदका दिला नाही, दुआ मागितली नाही, ही बोच त्यांनी एकटीने बाळगली होती.

आम्हाला हदीस आठवत होती. सहीह मुस्लिममध्ये इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आली आहे. सहाबा रात्री प्रेषित (स.) यांच्याजवळ बसले असताना एक तारा तुटला. जाहिलियतच्या काळात असे झाले की तुम्ही काय म्हणत होता, असे त्यांनी विचारले. कोणी थोर माणूस जन्मला किंवा वारला असे म्हणायचो, असे उत्तर आले. तेव्हा प्रेषितांनी सांगितले, की कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने तारे फेकले जात नाहीत. अम्मींनी ऐकून मान हलवली. मान हलवणे वेगळे, मनातून निघणे वेगळे. म्हणून आम्ही त्यांना बरोबर घेतले.

कामठीत मगरीब पढलो. कन्हान, मनसर करत देवलापारला पोहोचेपर्यंत ईशाची वेळ झाली होती. मनसरनंतर जंगल लागते आणि मागे पाहिले की नागपूरचा उजेड आभाळाला पिवळसर डाग लावून बसलेला दिसतो. (याच भागातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. जवळच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली जमिनीवरच पडेल असे केले. शहरातही हे करता येईल, पण आपल्याकडे दिवा जितका डोळ्यांत घुसेल तितकी प्रगती मानतात.)

खाटा उघड्यावर टाकल्या. अमावास्या होती, शव्वालची 29 वी रात्र. दहाच्या सुमारास स्वाती अगदी डोक्यावर आली. उल्का तिच्याच आसपासून येताना दिसणार होत्या. मराठीत जी स्वाती, तीच अरबीत अस्-सिमाक अर्-रामिह, म्हणजे भालाधारी सिमाक. खालची चित्रा म्हणजे बिनहत्यारी सिमाक. उगवतीकडे अभिजित आणि श्रवण. इंग्रजीत त्यांना व्हेगा आणि अल्तेर म्हणतात, पण ही नावे अरबीच आहेत. ‘वाकिअ’ म्हणजे खाली झेपावणारे गिधाड आणि ‘ताइर’ म्हणजे उडते. उर्दू शाळेत शिकलेल्या अम्मींना ‘ताइर’ लगेच कळले. त्या उठून बसल्या.

अभिजित दाखवूनच आम्ही मूळ गोष्ट काढली. दरवर्षी 22 एप्रिलच्या आसपास या ताऱ्याकडून उल्का येतात. 1861 साली दिसलेल्या एका धूमकेतूची ती धूळ आहे. पहाटेआधी त्या जास्त दिसतात, म्हणजे नेमक्या सहरीच्या वेळी.

अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “या एप्रिलमध्येपण पडल्या असतील?”

“हो. मागच्या वर्षी पडल्या, त्याच्या आधीही पडल्या.”

“तुमचे अब्बा घरी धडधाकट असतानाही?”

“तेव्हाही.”

त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला. आम्ही वर बघत राहिलो.

वर्षाव काही झाला नाही. पहाटेपर्यंत मुलीच्या वहीत सात रेघा पडल्या. त्यातल्या चार झर्रकन गेल्या, त्या इकडच्या तिकडच्या असाव्यात. आमच्या धूमकेतूची धूळ पृथ्वीला मागून गाठते, म्हणून तिचा वेग सेकंदाला सोळा किलोमीटरच्या आसपास. लिओनिड उल्कांचा वेग सत्तरच्या घरात. रात्री एकच्या सुमारास एक मंद, तांबूस उल्का इतकी सावकाश सरकली, की मुलाला उठवून दाखवता आले असते. अम्मी हळूच म्हणाल्या, “सुबहानल्लाह.” मुलगी म्हणाली, “दादी, ही कुणाचीच नाही हं.” अम्मींनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

फजरच्या आधी पूर्वेला गुरू आणि मंगळ एकमेकांना खेटून उभे होते आणि त्यांच्या खाली लखलखीत शुक्र उगवला. उल्कांपेक्षा मुलांना हेच जास्त आवडले. नमाज पढून, आंबे खाऊन निघालो. नेमकी गाठ पडायची वेळ आपल्या घड्याळात सकाळी साडेदहाची होती. तेव्हा आम्ही घरी कूलरमध्ये पाणी भरत होतो. बाहेर ऊन रणरणत होते आणि पृथ्वीची आपली बाजू पाठमोरी होती. अमेरिकेत रात्र होती. तिथल्या लोकांना उल्का दिसल्या, पण डझनांनी, हजारांनी नाही. हिशोबाची वेळ मात्र बरोबर निघाली. 1995 च्या धुळीने 2022 साली ठरल्या वेळी हजेरी लावली.

पुढच्या वर्षी, 2023 साली, ईद 22 एप्रिलला आली. पाहुणे गेल्यावर अम्मींनी स्वतःहून चटई मागितली आणि नातीला घेऊन गच्चीवर गेल्या. ईदच्या रोषणाईत आकाश कसले दिसते? तासाभरात एक उल्का दिसली. दोन होत्या, असे अम्मींचे म्हणणे आहे.